सर्टिफिकेटाच्या आधीचं पाकीट

आमच्या बेलापूरच्या चर्चमध्ये एक रीत आहे. घरात काही चांगलं घडलं, म्हणजे पोरगं पास झालं, म्हैस व्याली, ताप उतरला, नवी मोटारसायकल आली, की एका पाकिटात जमेल तेवढं दान घालायचं, पाकिटावर कारण लिहायचं आणि रविवारी ते पाळकसाहेबांकडे द्यायचं. उपासनेच्या शेवटी साहेब ती पाकिटं एकेक करून मोठ्याने वाचतात. ह्याला आम्ही उपकारस्तुती म्हणतो. प्रवचनात डुलक्या काढणारी माणसंसुद्धा पाकिटांच्या वेळी टक्क जागी असतात, कारण कुणाचं काय चाललंय ते तिथेच कळतं.

ह्याच रीतीने माझी पंचाईत केली.

मी गावातल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. विनाअनुदानित तुकड्यांवर, मानधनावर. बी.कॉम. झाल्यावर श्रीरामपूरला एका क्लासमध्ये डिप्लोमा केला होता, त्याच्याच जोरावर इतकी वर्षं निभावून नेली. टायपिंग मी शिकवायचं, निकालाचे तक्ते मी करायचे, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच. पण हल्लीची नववीची पोरं विचारतात, "मॅडम, गेम कसा बनवायचा?" आणि मी म्हणते, "आधी खुर्च्या नीट लावा." दरवेळी खुर्च्यांवर किती भागवणार?

दिवाळीची सुट्टी संपली आणि मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. हे सर आमच्याच चर्चचे. रविवारी ते मला वहिनी म्हणतात आणि सोमवारी मॅडम. त्या दिवशी मॅडम म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी काढणार.

"जूनपासून आठवी ते दहावीला कोडिंग सुरू करायचं म्हणतेय संस्था. इंजिनिअर झालेली मुलं अर्ज घेऊन येतायत. तुमच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मिटिंगमध्ये मी काय दाखवू? काहीतरी कागद आणा."

काहीतरी कागद. जशी काही कोथिंबिरीची जुडीच आणायची आहे! मी "हो सर" म्हटलं आणि बाहेर येऊन पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून दोन मिनिटं मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलून घेतलं. मोठ्या वर्गांचे तास गेले असते तर निम्म्याहून जास्त पगार गेला असता. आणि पगाराचं राहू द्या, इतकी वर्षं ज्या लॅबची किल्ली माझ्या पर्समध्ये होती ती दुसऱ्याच्या हातात बघायची माझी तयारी नव्हती.

पुण्याला कंपनीत असलेल्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, एका परदेशी विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन कोर्स आहे. चांगला आहे. व्हिडिओ फुकट, गृहपाठ फुकट, तपासणीसुद्धा फुकट. फक्त सर्टिफिकेट पाहिजे असेल तर पैसे."

"म्हणजे जेवण फुकट आणि ढेकर विकत?"

तो हसला. "तसंच समज. आणि खरं सांगू का, आमच्याकडे मुलाखतीत सर्टिफिकेट कुणी बघत नाही. काय बनवलंय ते दाखवा म्हणतात. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

पुण्यात असेल बाबा तसं. आमच्याकडे काकण दाखवलं तर पावती मागतात.

ढेकराची किंमत डॉलरमध्ये होती. रुपयांत करून बघितली आणि फोन पालथा घातला. हे साखर कारखान्यात टाइमकीपर आहेत, सगळ्या गोष्टींवर ह्यांचं एकच उत्तर, "तुला पटतंय तर घे." एवढी मोठी रक्कम, दोन शब्द तरी जास्त खर्च करायचे! शेवटी मी ठरवलं, आधी फुकटातलं करून बघू. नाव घातलं. लगेच मेल आला, अभिनंदन, तुमची नोंदणी झाली.

सासूबाई ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. आम्ही त्यांना आई म्हणतो. पंचाहत्तरीच्या आहेत, आणि त्यांची उमर मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून गेली. तरुणपणी तिथेच थोडं नर्सिंग शिकल्या होत्या, एवढं मला माहीत होतं. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"काय म्हनत्यात?"

"अभिनंदन म्हणतायत."

"कशाबद्दल?"

"नाव घातल्याबद्दल. अजून काहीच झालेलं नाही."

"बरं हाय," म्हणाल्या आणि परत मेथीकडे वळल्या.

शाळा सुटल्यावर मी लॅबमध्ये बसायला लागले. व्हिडिओतले सर भल्यामोठ्या स्टेजवर येरझाऱ्या घालत इतकं भरभर इंग्रजी बोलायचे की मी त्यांचा वेग निम्मा केला. मग ते दारू प्यायल्यासारखे बोलू लागले, पण कळायला लागलं. गृहपाठ मशीनच तपासायचं. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल. पहिल्या आठवड्यात इतकं लाल आलं की मी मशीनला म्हटलं, "मेल्या, एवढं तरी सांग की चुकलं कुठे!" ते सांगत नाही. आपणच शोधायचं. पण जेव्हा पहिल्यांदा सगळ्या खुणा हिरव्या झाल्या तेव्हा मी एकटीच त्या रिकाम्या लॅबमध्ये मोठ्याने हसले, आणि दाराशी झाडणाऱ्या मावशी आत डोकावून गेल्या. लग्नानंतर एवढा आनंद मला अभ्यासाने दिला नव्हता. दिला नव्हता म्हणजे काय, अभ्यास केलाच नव्हता.

शेवटचा प्रकल्प आपल्या मनाने करायचा होता. धडे संपायची वाट न बघता मी तो ऑफ तासांचा घेतला. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांच्या तासावर कोण जाणार, ह्यावरून आमच्या स्टाफरूममध्ये रोज सकाळी भांडण. मी एक प्रोग्रॅम लिहिला, कोणाला आज किती तास आहेत ते बघून आपोआप वाटणी करणारा. पहिल्या दिवशी त्याने सगळेच्या सगळे ऑफ तास पीटीच्या सरांना दिले, कारण वेळापत्रकात त्यांचे तास सर्वांत कमी. सर शिट्टी हातात घेऊन माझ्यापुढे उभे. "मॅडम, माझं आणि तुमच्या कॉम्प्युटरचं काही वैर आहे का?" ते दुरुस्त करायला मला बरेच दिवस लागले.

कोर्स अर्ध्यात आला होता, आणि मधल्या एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पाकीट वाचलं.

"आपल्या एका भगिनीला परदेशी विद्यापीठाचं कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट मिळाल्याबद्दल त्यांच्या सासूबाईंकडून उपकारस्तुती."

मला वाटलं, वा, आपल्यासारखं आणखी कुणीतरी करतंय वाटतं! मग सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. आई शेजारीच होत्या. हात जोडून, डोळे मिटून, अगदी भक्तिभावात. दोन बाकं पुढे मुख्याध्यापक बसले होते. तेही वळले आणि मान हलवून हसले.

बाहेर पडले तर गराडा. "पेढे कुठायत?" "अहो, अजून मिळालं नाही," मी म्हणत होते. "बघा, मोठेपणा म्हणून न्हाई हिला," असं म्हणून त्या माझ्या पाठीवर थाप मारायच्या. खरं बोलून इतकी शाबासकी मला आयुष्यात मिळाली नव्हती. घरी येऊन दार लावल्याबरोबर मी सुरू झाले.

"आई, हे काय केलंत? आधी कळस, मग पाया? मी परीक्षासुद्धा दिली नाही!"

"तूच दाखवलंस की. अभिनंदन लिहिल्यालं."

"नाव घातल्याबद्दल होतं ते! सांगितलं होतं तुम्हाला!"

"मग आता काय करू? देवाला दिल्यालं परत मागू का?" आणि भाकरी थापायला बसल्या.

म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय, चुकलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

सोमवारी सर म्हणाले, "मॅडम, अभिनंदन! आणा तो कागद. एप्रिलच्या मिटिंगला ठेवतो."

मी त्यांना तोंडावर खरं सांगितलं. ते अवघडले. मग हळूच म्हणाले, "एप्रिलपर्यंत होईल ना?"

होण्यासारखं होतं. हीच तर मेख होती. पैसे भरले, राहिलेले गृहपाठ कुठूनतरी उतरवून टाकले, तर पंधरवड्यात सर्टिफिकेट हातात. उत्तरं नेटवर पडलेली असतात, आणि हल्ली तर विचारलं की मशीनच प्रोग्रॅम लिहून देतं. एका दुपारी मी ती उत्तरं उघडून बसलेसुद्धा. त्याच दिवशी सकाळी मी सातवीतल्या एका मुलीला चाचणीत शेजारणीचं बघून लिहिताना पकडलं होतं आणि चांगलं दहा मिनिटं फैलावर घेतलं होतं. ती मुलगी डोळ्यांपुढे आली आणि मला स्वतःचीच चीड आली. बंद केलं सगळं.

पण सरळ मार्गाने, सावकाश केलं तरी हा कागद कामाचा आहे का, ते तर कळायला हवं. आमच्या नात्यातले एक गृहस्थ शिक्षण खात्यातून निवृत्त झालेत, नगरला असतात. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही एसटीत बसताना नगरच म्हणतो. सुट्टीच्या दिवशी गेले. त्यांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिक्षण चांगलं आहे बाई तुझं. कर. पण नेमणुकीच्या कागदांत पदवी, पदविका असे रकाने असतात. ह्याला रकानाच नाही. संस्थेला कौतुक वाटेल, पण तुझ्याशेजारी इंजिनिअरचा अर्ज असला तर तोच वर जाणार. त्यासाठी पैसे घालवू नकोस."

येताना एसटीच्या खिडकीशी बसून मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणावर, ते ठरवता येत नव्हतं. त्या भल्या माणसाने खरं तेच सांगितलं होतं. मी ठरवलं, नाही घ्यायचं सर्टिफिकेट. शिकणं फुकट आहे ते शिकू, ढेकर राहू दे.

एप्रिलच्या मिटिंगला सरांनी माझा ऑफ तासांचा प्रोग्रॅम दाखवला. तेवढं त्यांनी मनापासून केलं, नाही म्हणणार नाही. संस्थेच्या लोकांनी वाहवा केली, स्टाफरूममधलं भांडण मिटलं म्हणून हसलेसुद्धा. मग विचारलं, "आणि कागद?"

जूनमध्ये नेवाशाची एक मुलगी आली, इंजिनिअर. आठवी ते दहावी तिला दिली. मला पाचवी ते सातवी आणि लायब्ररी. लॅबची किल्ली मी स्वतः तिच्या हातावर ठेवली. मुलगी साधी, कामाला चोख. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरून शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. तिच्यावर राग काढावा असं तिच्यात काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

कोर्स मी सोडून दिला. शेवटचे दोन धडे राहिले होते.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. आई ओसरीवर बसल्या होत्या. मी वाळत घातलेले कपडे काढत होते.

"संपलं का तुझं ते?"

"नाही. आणि आता कशाला संपवू? तास गेले. त्या कागदाला कुठे रकानासुद्धा नाही."

"किती राहिलंय?"

"थोडंच."

"थोडंच राहिल्यालं लई वाईट असतं," त्या म्हणाल्या. "माझं बी थोडंच राहिलं हुतं."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. लग्न झालेलं, हे पोटात. परीक्षा तोंडावर आली आणि सासू म्हणाली, पुढच्या वर्षी बस. पुढच्या वर्षी तान्हं लेकरू, त्याच्या पुढच्या वर्षी सासऱ्यांचं आजारपण. मग दवाखान्याने आया म्हणून ठेवून घेतलं. ज्यांच्याबरोबर शिकल्या त्या मैत्रिणी सिस्टर झाल्या, आणि ह्या त्यांच्याच हाताखाली चादरी बदलत राहिल्या.

"काम येत हुतं गं मला. पन काम येतं म्हनून कुनी सिस्टर म्हनत न्हाई. हजेरीला आयाच पुकारायचे. ते न्हाई एवढं लागलं मला. पन मी सासूला म्हनलं हुतं, दोन वर्सं तर पास झाले, त्याची तरी उपकारस्तुती करू. ती म्हनली, आधी सगळी पास हो, मग करू." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "ती येळ आलीच न्हाई. म्हनून तुझ्या टायमाला मी थांबले न्हाई."

माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. "म्हणजे ते पाकीट तुम्ही मुद्दाम दिलंत?"

"अभिनंदन म्हंजे काय ते मला कळत न्हाई व्हय? आन् हेडमास्तर बी पुढंच बसतो. त्याच्या बी कानावर जाऊ दे म्हनलं."

"आई! देवासमोर खोटं?"

"खोटं कसं? आधी बोलले एवढंच. आता खरं करायचं काम तुझं."

मी त्यांच्यावर चिडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण चिडताच येईना, आणि त्यांच्याकडे बघत त्या ओल्या-सुक्या कपड्यांच्या ढिगाशेजारीच मी खाली बसले.

राहिलेले धडे मी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर केले. पुन्हा लाल, पुन्हा लाल, मग हिरवं. आणि सगळं पूर्ण झाल्यावर, जेव्हा त्या कागदाचा नोकरीला काडीचा उपयोग उरला नव्हता, तेव्हा मी पैसे भरले. स्वतःच्या कमी झालेल्या पगारातले. पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, आता का?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं, फोन ठेव." ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला पटतंय तर घे." त्या दिवशी मात्र ह्यांचं ते उत्तर मला बरं वाटलं.

कोणी विचारलं की असं सर्टिफिकेट घेण्यात अर्थ आहे का, तर मी आजही सांगते, नोकरीसाठी घेत असाल तर आधी रकाना आहे का ते विचारून या. शिकायचं असेल तर फुकटातच भरपूर आहे. हा सल्ला मी स्वतः पाळला नाही, हेही सांगते.

सर्टिफिकेट आलं. नेवाशाच्या मुलीनेच ते शाळेच्या रंगीत प्रिंटरवर काढून दिलं, लॅमिनेशन करून. आईंनी दोन्ही हातांनी धरून माझं नाव वाचलं, मग खाली सही होती त्यावरून बोट फिरवलं. "भिंतीला लाव," एवढंच म्हणाल्या.

रविवारी मी पाकीट तयार केलं. आईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "परत कशाला? तुझं मी दिलंय की मागंच."

"माझं नाहीये," मी म्हटलं आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

त्या दिवशी बरीच पाकिटं होती. कुणाच्या नातवाचा दात, कुणाची बोअर लागली, कुणाचा टेम्पो अपघातातून वाचला. मग साहेबांनी माझं उचललं, चष्मा सारखा केला आणि वाचलं, "आपल्या एका भगिनीकडून, तिच्या सासूबाई आपल्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, दोन वर्षं पास झाल्या, त्याबद्दल उपकारस्तुती."

मंडळीत कुजबुज झाली. केव्हा? ह्या वयात? मुख्याध्यापक वळून बघायला लागले. आई ताठ बसून राहिल्या. मग माझ्या कानाशी वाकल्या.

"अगं, अर्धंच शिकले हुते मी."

"मग पाकिटातही अर्धंच घातलंय," मी म्हटलं.

त्यांना हसू फुटलं. मोठ्याने, भर चर्चमध्ये. तोंडावर पदर धरला तरी थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, "मावशी, काय झालं?"

"काय न्हाई," आई म्हणाल्या. "पास झाले."